ठेवली, काढली, राहिली: एका चित्रातल्या चुकांचा हिशेब

हे प्रकरण एकाच चित्राचं आहे. १५ बाय ११ इंचाचा पेपर, जलरंग, आणि पूर्ण व्हायला लागले जवळजवळ ५ महिने. चित्र काढणारे काका ६७ वर्षांचे, सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेलेली, माझ्याकडे रविवारच्या बॅचला येतात. त्यांना विचारून लिहितेय, फक्त नाव नको म्हणाले, म्हणून इथे ते नुसते काका. सविस्तर लिहायचं कारण असं की लहानपणचं गाव रंगवायचंय म्हणून येणारे पुष्कळ जण असतात आणि बहुतेक सगळे एकाच जागी अडकतात, चित्र चुकतंय, मनातलं येत नाहीये, जाऊ दे, असं करत करत पेपर फाडतात आणि मग यायचेच बंद होतात. "चुका होऊ द्या हो, चुकांतच मजा असते" हे वाक्य त्यांना कुणी ना कुणी ऐकवलेलं असतंच. मीसुद्धा काकांना ऐकवलं होतं, दुसऱ्याच रविवारी, आणि त्यावर ते जे म्हणाले ते माझ्या डोक्यातून गेलंच नाही. म्हणाले, "मॅडम, चूक ती चूक. ती मला आवडलीच पाहिजे असं का म्हणता? ती कुठून आली ते सांगा."

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

काय काढायचं होतं

ते घर आता नाहीये. काका ९ वर्षांचे असताना सगळे तिथून निघाले, पुढे घर पडलं, जागा दुसऱ्याची झाली. फोटो म्हणाल तर एकच, ब्लॅक अँड व्हाइट, त्यात अर्धं दार आणि कुणाचा तरी खांदा. बाकी सगळं डोक्यात. संध्याकाळची वेळ, कौलारू घर, बाजूला विहीर, विहिरीवर रहाट, मागे मोठं झाड, आणि आई पाणी काढतेय. "डोळे मिटले की लख्ख दिसतं," असं ते म्हणायचे, "पेपरसमोर डोळे उघडले की गेलं."

पहिले ६ पेपर असे गेले. पट्टी घेऊन कौलांची रेघ काढायची, पसंत पडली नाही की खोडरबर, परत रेघ, परत खोडरबर. आता जलरंगाच्या पेपरला सायझिंग असतं, जिलेटिन किंवा तसंच काहीतरी, त्यामुळे रंग पटकन आत न शोषता थोडा वेळ वर खेळतो. खोडरबरने तेच घासलं की ती जागा उघडी पडते. कोरडा असताना पेपर पांढराच दिसतो, काही कळत नाही, आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट हात, टाकला की तिथे रंग फुटतो, जुन्या वहीत शाई फुटायची तसा, बरोब्बर जिथे जिथे खोडलं होतं तिथे तिथे. तिसऱ्या पेपरवर आभाळ टाकलं आणि कौलांच्या वर खोडलेल्या सगळ्या रेघा काळपट होऊन वर आल्या. काका बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग पेपरची नीट चार तुकड्यांची घडी घालून फाडला. रागाने नाही, रद्द केलेला कागद फाडतात तसा.

चौथ्या पेपरवर मी चूक केली. त्यांना कौलांचा उतार जमत नव्हता म्हणून मी त्यांच्या हातातून ब्रश घेतला आणि दोन फटक्यांत छप्पर करून दिलं. छान झालं होतं छप्पर. काका थँक यू म्हणाले आणि चित्र टेबलावरच ठेवून गेले, घरी नेलंच नाही. नंतर विचारलं तर म्हणाले ते छप्पर त्यांच्या घराचं नव्हतं. मला आजही त्या गोष्टीचं वाईट वाटतं, कारण वाकडं का होईना त्यांच्या हातून आलेलं छप्पर त्या घराच्या जास्त जवळचं होतं, आणि मी शिकवणारी असून ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

वही

पाचव्या पेपरनंतर मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही ऑडिटवाले आहात ना, मग एक काम करा, चूक दिसली की खोडू नका, नोंद करा. हे मी सहज बोलून गेले, पण पुढच्या रविवारी ते एक लांबट रजिस्टर घेऊन आले. पट्टीने कॉलम आखलेले. क्रमांक, तारीख, काय झालं, कधी लक्षात आलं, कशामुळे झालं, आणि शेवटचा कॉलम निर्णयाचा. त्यात मी एकच नियम घातला की निर्णयाचा कॉलम त्याच दिवशी भरायचा नाही, पुढच्या रविवारी भरायचा.

हा नियम उगाच नव्हता. ओला जलरंग गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो हे शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितलेलं असतं, तरी ओलं असतानाच घाबरून पुसायला धावतात आणि खरं नुकसान त्या पुसण्यात होतं. दुसरं म्हणजे नुकतंच काढलेलं चित्र आपण बघतच नसतो, डोक्यातलं चित्र आणि पेपरवरचं चित्र यांच्यातला फरक तेवढा बघत असतो. आठवडा गेला की डोक्यातलं थोडं मागे सरतं आणि मग पेपरवर काय आहे ते दिसायला लागतं.

सहाव्या पेपरची नोंद करताना काकांनी घरात उरलेले जुने पेपरही आठवून आठवून लिहून काढले आणि त्यात एक नोंद चारदा आली: "उजवीकडे पेपर संपला, विहीर अर्धी कापली गेली." एकदा झालं तर अंदाज चुकला म्हणू, पण चारदा? इथे मला एक जुना प्रयोग आठवला. १९८९ मध्ये इंट्रॉब आणि रिचर्डसन या दोन संशोधकांनी लोकांना जवळून काढलेले फोटो दाखवले आणि नंतर ते आठवून काढायला सांगितले, तर लोकांनी फोटोच्या चौकटीबाहेरचा भागही काढला, जो त्यांनी पाहिलेलाच नव्हता, जणू तो फोटोतच होता. म्हणजे डोकं दृश्य साठवतं ते कडेला कापून नाही, आजूबाजूच्या जागेसकट. हे काकांना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्यांच्या हाताचा दोष नव्हता, आठवणच पेपरपेक्षा रुंद होती.

सातवा पेपर

सातव्या पेपरला पट्टी आणि खोडरबर दोन्ही माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवले. पातळ येलो ऑकरने, म्हणजे मातकट पिवळ्याने, ब्रशनेच अंदाजे खुणा केल्या, बाकी काही नाही. काकांना आधी आई काढायची होती कारण तिचीच भीती जास्त होती, एकदा ती जमली की सुटलो असं. मी त्यांना अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेसचं सांगितलं, खरं नाव अ‍ॅना मेरी रॉबर्टसन मोझेस, जन्म १८६०, सगळं आयुष्य शेतावर गेलेलं, संधिवातामुळे सुईकाम जमेना म्हणून सत्तरीच्या शेवटी शेवटी चित्रांकडे वळल्या, १९४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं तेव्हा वय ८०, आणि १९६१ मध्ये गेल्या तेव्हा १०१. आठवणीतली शेतीवाडी काढताना त्या वरून खाली यायच्या. आधी आभाळ, मग डोंगर, मग घरं, मग गुरं, माणसं सगळ्यात शेवटी. जलरंगात हा क्रम तसाही सोयीचा, आणि भीतीची गोष्ट शेवटी आली की तोपर्यंत हात तापलेला असतो.

तर आभाळ टाकलं. खाली येलो ऑकर, वर अल्ट्रामरीन निळा, मध्ये थोडी जागा नुसत्या पाण्याची, म्हणजे दोन्ही एकमेकांत घुसून हिरवट होऊ नयेत. छान उतरलं होतं. पेपरची चमक नुकती गेली होती पण आत ओल होती, आणि नेमक्या त्या वेळी काकांना घराच्या उजव्या बाजूची कड कडक वाटली म्हणून त्यांनी पाण्याने भरलेला ब्रश तिथे टेकवला.

पेपर ओलसर असताना त्याच्यापेक्षा ओला ब्रश टेकला की ते जास्तीचं पाणी पसरतं आणि आधी बसत आलेले रंगाचे कण पुढे ढकलत नेतं. मध्ये फिकट पडतं आणि कडेला कण साचून दातेरी रेघ तयार होते. आमच्या बॅचमध्ये याला फ्लॉवर येणं म्हणतात, दिसतो तसाच. आणि तो यायला लागला की टिश्यू लावणं सगळ्यात वाईट, कारण मग फिकटाच्या जागी पांढरं भोक पडतं आणि कड तर राहतेच.

काकांनी एका हातात टिश्यू घेतला, आणि मग तो ठेवून पेपरच धरला, फाडायला. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, काका, नोंद करा.

मग आम्ही दोघं बसून तो फ्लॉवर बघत राहिलो. वीसेक मिनिटं तरी. तो अजून पसरत होता, आधी बशीएवढा, मग घराच्या मागून निघून पायवाटेच्या वर, एका बाजूला लांबट झाला, वरची कड फाटल्यासारखी, खालची मऊ, आतून ऑकरचा पिवळा किंचित दिसत होता कारण निळा तिथून निघून गेला होता. आम्ही काही करत नव्हतो आणि पेपरवर काम चालू होतं. काकांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, "पाणी जास्त, वेळ चुकली, आभाळ खराब." निर्णयाचा कॉलम कोरा.

पुढच्या रविवारी ते आले, चित्र स्टँडवर ठेवलं, लांब जाऊन उभे राहिले. खूप वेळ. मग म्हणाले, "ही धूळ आहे."

"कसली धूळ?"

"गुरं येतायत."

त्यांच्या चित्रात गुरं नव्हती, कधीच नव्हती, ६ पेपरांत एकदाही नाही. पण आता ते सांगत सुटले, की त्या वेळेला दादा, म्हणजे त्यांचा मोठा भाऊ, गुरं घेऊन परत यायचा, आधी धूळ दिसायची, मग घंटा ऐकू यायच्या, मग गुरं, आणि सगळ्यात मागे दादा, आणि काका रोज गोठ्यामागच्या दगडावर बसून त्याची वाट बघायचे. आई पाणी काढत असायची ती गुरांसाठीच. इतके महिने ते आईचं चित्र काढतोय असं समजत होते आणि वाट मात्र दादाची बघत होते. मराठीत त्या वेळेला गोरज म्हणतात, गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ, मी तो शब्द किती वेळा वापरला असेल, पण तो असा धुळीसकट त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

निर्णयाच्या कॉलममध्ये त्यांनी लिहिलं, "ठेवली."

इथे एक सांगते, हे वाचून असं वाटू शकतं की डाग पडला की त्यात काहीतरी शोधायचं, ढग म्हणा, धूर म्हणा, झालं काम. तसं नाहीये. तसं केलेली चित्रं मी पुष्कळ बघितलीत, त्यात डाग लपवलेला कळतो. इथे डागाने काकांना त्यांची स्वतःची विसरलेली गोष्ट परत दिली, आणि ती द्यायला त्याला एक आठवडा लागला.

विहीर

गुरं काढायची तर शिंगं कशी होती ते आठवेना. काकांनी दादांना व्हिडिओ कॉल केला, दादा आता ७२ वर्षांचे, त्यांनी बॉलपेनने पाठकोऱ्या कागदावर गुरं काढून फोटो पाठवला. काकांना हे कॉपी केल्यासारखं वाटत होतं, स्वतःच्या आठवणीतलं चित्र आणि शिंगं दुसऱ्याची. मी त्यांना कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकाराचं सांगितलं. त्याचं 'द हे वेन' हे प्रसिद्ध चित्र, ओढ्यात उभी असलेली गाडी, १८२१ चं, त्याच्या लहानपणच्या भागातलं दृश्य पण काढलं लंडनमध्ये बसून, आणि गाडीची रचना नीट हवी म्हणून त्याने गावाकडच्या एका ओळखीच्या चित्रकाराकडून गाडीची रेखाटनं मागवून घेतली होती. शिवाय त्या चित्रात पुढे पाण्याच्या कडेला आधी घोडेस्वार होता, मग त्या जागी पिंप आलं, मग तेही रंगवून झाकलं. म्हणजे ज्याने त्या ओढ्याकाठी सगळं बालपण काढलं त्यालाही गाडी विचारावी लागली आणि स्वार खोडावा लागला. जलरंगात आपल्याला असं झाकता येत नाही एवढाच फरक, आपलं सगळं वर राहतं.

पण दादांनी फक्त शिंगं दिली नाहीत. चित्राचा फोटो बघून ते म्हणाले, "विहीर डावीकडे होती रे."

या प्रकरणातला सगळ्यात कठीण भाग हा होता. फ्लॉवर आला तेव्हा काका वैतागले होते, पण या वेळी ते खचले. म्हणाले, "हाताची चूक मी समजू शकतो मॅडम, पण आठवणच चुकीची असेल तर मग माझ्याकडे राहिलं काय?" घर पडलेलं, आई गेलेली, धड फोटो नाही, आणि आता डोक्यातली विहीरही चुकीच्या बाजूला. मला काय बोलावं कळेना. 'काही फरक पडत नाही हो' म्हणणं हा त्यांचा अपमान झाला असता, कारण फरक पडत होता.

मग त्यांचाच प्रश्न मी त्यांना विचारला. ही चूक कुठून आली? तुम्ही कुठे बसायचात आणि दादा कुठून यायचे?

आम्ही एका कोऱ्या कागदावर वरून बघितल्यासारखा नकाशा काढला. घर, दार, गोठा, दगड, पायवाट, विहीर. फोनवर दादा. आणि दोनच मिनिटांत कळलं. दादा यायचे पायवाटेने, घराच्या समोरून, त्यांना विहीर डावीकडे. काका बसायचे गोठ्यामागे, घराच्या पाठीमागे, त्यांना तीच विहीर उजवीकडे. दोघंही बरोबर. गडबड एवढीच होती की काकांनी विहीर मागून बघितलेली काढली होती आणि दार मात्र समोरचं. दगडावरून ते दार दिसायचंच नाही. एका जागी उभं राहून दिसूच शकणार नाही असं दृश्य त्यांनी काढलं होतं, अगदी सहज, आणि ५ महिन्यांत ते ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या.

फ्रँको मॅग्नानी म्हणून एक चित्रकार, इटलीतल्या पोंतितो गावचे, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये राहून वर्षानुवर्षं फक्त आपलं गाव आठवून काढत राहिले. १९८८ मध्ये तिथल्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयाने त्यांची चित्रं लावली आणि शेजारी त्याच जागांचे फोटो, जे सुसान श्वार्झेनबर्ग या छायाचित्रकाराने खास पोंतितोला जाऊन काढले होते. लोक थक्क झाले इतकं जुळत होतं, आणि तरी सगळं जुळत नव्हतंच. मला ते प्रदर्शन फार मोलाचं वाटतं कारण त्यात कुणी चित्राला नापास केलं नाही, दोन्ही शेजारी शेजारी लावले आणि बघणाऱ्याला फरकासमोर उभं केलं. काकांना हे सांगितलं, शागाल या चित्रकाराचं नाही सांगितलं. शागालने १९११ मध्ये पॅरिसमध्ये बसून 'मी आणि गाव' काढलं त्यात काही घरं आणि एक बाई चक्क उलटी आहेत, लोक अशा वेळी हमखास ते उदाहरण देतात, पण ते उलटं त्याने ठरवून केलेलं आहे. काकांच्या विहिरीची गोष्ट वेगळी, ती न ठरवता आलेली.

पुढच्या रविवारी कॉलममध्ये: "दोन जागांवरून बघितलं. ठेवली." खाली लहान अक्षरात: "दार मी दादा आत शिरताना बघायचो तेव्हाचं असेल." असेल, नसेल. पण 'कशामुळे' हा कॉलम त्यांनी तीनदा खोडून परत लिहिला होता, रजिस्टरमधली एवढी एकच खाडाखोड.

आई

माणसं शेवटी. आई काढली ती एका बैठकीत, न थांबता, आणि काका लगेच म्हणाले की मोठी झाली, डोकं कौलांना लागतंय. खरंच मोठी दिसत होती. माझाही हात शिवशिवला, पण चौथा पेपर आठवला.

मी विचारलं, "काका, तुम्ही या चित्रात कुठे आहात?"

"मी कुठे असणार, मी बघतोय ना."

हा प्रश्न मी आता सगळ्यांना विचारते. १९८३ मध्ये नायग्रो आणि नाइसर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं की आठवणी दोन तऱ्हेने येतात, काहींमध्ये आपण आपल्या डोळ्यांनी बघत असतो, काहींमध्ये आपण स्वतःलाच बाहेरून बघतो, आणि जुन्या आठवणींमध्ये बाहेरून बघणं जास्त सापडतं. काकांचं तसं नव्हतं. ६० वर्षांनंतरही ते त्या पोराच्या डोळ्यांतूनच बघत होते.

आणि तसं असेल तर हिशेब बदलतो. सपाट जमिनीवर क्षितिजरेषा नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. समोरची माणसं त्याच्याच उंचीची असतील तर जवळ असोत की लांब, सगळ्यांचे डोळे त्या एका रेषेवर बसतात. पण बघणारा ७ वर्षांचा, डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर, तर मोठ्या माणसाला ती रेषा छातीजवळ कापणार आणि डोकं पार वर जाणार. मी पेन्सिल आडवी धरून दाखवली. काकांच्या चित्रात लांबच्या शेताची कड आईच्या छातीवरूनच गेली होती. आई बरोबर होती. ती घराच्या पुढे, विहिरीपाशी, म्हणजे जवळ, म्हणून कौलांना लागणं पण बरोबर.

मग चुकीचं काय होतं? विहिरीचं तोंड. ते त्यांनी छान गोलसर काढलं होतं, ताटासारखं, आतला भाग दिसेल असं, आणि त्याच्याविषयी कधीच कुणी तक्रार केली नव्हती, ना त्यांनी ना मी. पण साडेतीन फुटांवरून बघणाऱ्या पोराला कमरेएवढ्या कठड्याच्या विहिरीचं तोंड दिसणार जेमतेम एका चपट्या पट्टीएवढं. काका माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मला आत डोकावू देतच नव्हते. मी कधी पाणी बघितलंच नाही त्या विहिरीचं."

आतला अंधार अजून भरायचा होता, नुसता फिका वॉश होता, म्हणून तो ओल्या ब्रशने उचलून तोंड चपटं करता आलं. रजिस्टरमध्ये आईपुढे "ठेवली" आणि विहिरीच्या तोंडापुढे "काढली".

जे ठेवलं नाही

यानंतर काका दुसऱ्या टोकाला गेले, सगळंच ठेवायला लागले. झाडाची सावली डावीकडे आणि कठड्याची उजवीकडे पडली होती, एकाच संध्याकाळी दोन सूर्य, तर तिथेही "ठेवली" लिहून मोकळे. मी म्हटलं, कशामुळे हा कॉलम कोरा आहे. त्यांनी खूप विचार केला. त्यामागे आठवण नव्हती, बसायची जागा नव्हती, पाण्याचा खेळही नव्हता, एका रविवारी घाईत केलं होतं आणि लक्ष नव्हतं, एवढंच. मग चपटा ओलसर ब्रश घेऊन तीनदा हलकेच फिरवून टिश्यूने टिपलं, अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचलला जातो, सावली गेली, पुसट डाग राहिला तो कठड्याच्या दगडात खपला. दुर्लक्षातून आलेल्या चुकीला जपायचं काही कारण मला दिसत नाही, आणि चुका स्वीकारा म्हणणाऱ्यांनी हे स्पष्ट सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, नाहीतर शिकणारा माणूस आळसालाही शैली म्हणायला लागतो.

झाडाच्या बुंध्याशी हिरव्याचा चिखल झालाय. सॅप ग्रीन, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन, वर परत सॅप ग्रीन, एकाच जागी चार वेळा ब्रश फिरवला, रंग मेला. तो उचलून बघितला, निघाला नाही. काकांनी त्याच्यापुढे "ठेवली" लिहायला नकार दिला. म्हणाले ठेवली म्हणजे मी ठरवलं, हे मी ठरवलेलं नाही, ही राहिली. आणि रजिस्टरमध्ये तिसरा शब्द आला: "राहिली." तो शब्द आता माझ्या सगळ्या बॅचमध्ये फिरतोय.

माझ्याकडून बघायचं तर दोन गोष्टी मी आधीच करायला हव्या होत्या. नकाशा पहिल्याच रविवारी काढायला हवा होता, तुम्ही कुठे बसायचात हे विचारायला हवं होतं, त्याला ५ मिनिटं लागतात. आणि स्वस्त पातळ पेपरवर पाण्याचा सराव करून घ्यायला हवा होता, कारण जाड महागड्या पेपरवर माणूस आधीच दबून असतो आणि दबलेल्या हाताच्या चुकांत बघण्यासारखं काही नसतं, त्या नुसत्या आखडलेल्या असतात.

चित्र काकांनी फ्रेम केलंय. विहीर उजव्या कडेला अर्धी कापलेली, घरामागे धूळ, धुळीत दादांच्या बॉलपेनमधून आलेली दोन शिंगं, गुरं पूर्ण दिसत नाहीत, आणि आई.

गेल्या महिन्यापासून दुसरा पेपर सुरू झालाय. हा पायवाटेवरून बघितलेला आहे, दादा फोनवरून सांगतात आणि काका काढतात. क्षितिजरेषा थोडी वर घेतलीय कारण दादा तेव्हा १२ वर्षांचे होते. विहीर डावीकडे, पूर्ण. आभाळ झालंय, घर झालंय. गुरं तीन होती असं काका म्हणतात, चार होती असं दादा म्हणतात, आणि रजिस्टरमध्ये त्या ओळीचा 'कशामुळे' हा कॉलम अजून कोरा आहे.